आंब्याचे लाल केक

सहा अंड्यांऐवजी सहा चमचे सोडा घालू नये, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी समजलं. समजलं तेव्हा सोडा घालून झाला होता, केक भाजून झाले होते आणि माझ्या नणंदेला बघायला आलेली सांगलीची मंडळी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

लढाई नुकतीच संपली होती आणि माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. (या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.) माहेर पलूसजवळचं, उसाच्या मळ्यातलं. सासर साताऱ्यात, पेठेतल्या तीन खोल्यांत. घरात माणसं पाच. कचेरीतून पेन्शन घेतलेले आणि तरीही रोज सकाळी दहाला कोट चढवून ओट्यावर बसणारे मामंजी, सासूबाई, शाळेत गणित शिकवणारे आमचे 'हे', मी, आणि माझी नणंद कुसुम.

कुसुमला नाव ठेवायला जागा नव्हती. नाकीडोळी नीटस, सातवी पास, हाताला चव. फक्त तिला हसू यायचं. तुम्हाआम्हाला येतं तसं नव्हे. आलं की जायचंच नाही! पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या काकांना शिंक आली आणि अर्ध्यातून परत गेली. एवढंच झालं. कुसुम हसायला लागली ती काका चपला घालून कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या स्थळाच्या मुलाने विचारलं, "गाता येतं का?" ही म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "मला येतं," आणि त्याने गाऊन दाखवलं. पुढचं सांगायला नकोच.

तिसरं स्थळ सांगलीचं. मुलगा बांधकाम खात्यात ओव्हरसियर, वडील हळदीचे मोठे व्यापारी. घरात मुलाच्या आत्याबाईंचा शब्द चालायचा. स्थळ सुचवणाऱ्या गृहस्थांनी जाताना तीनदा बजावलं, "बाकी कोणाकडे बघू नका, आत्याबाई सांभाळा."

सासूबाईंनी तेव्हापासून कुसुमला रोज आरशासमोर बसवून तोंड मिटायचा सराव सुरू केला. आणि मला म्हणाल्या, "सांगलीकर म्हणजे संस्थानातली माणसं. त्यांना पोहे देऊन भागायचं नाही. काहीतरी वेगळं हवं, सूनबाई."

नेमका त्याच आठवड्यात माझा दादा आला!

दादा फौजेतून सुटून आला होता. खांद्यावर काळी पत्र्याची ट्रंक. ती त्याने ओटीवर उघडली आणि दोन गंजिफ्रॉकांच्या खालून पत्र्याचं एक चपटं भांडं काढलं. त्यात बारा खळगे होते.

"ह्ये बग शाले," दादा म्हणाला. "कपकेकचा साचा. आमच्या मेसमदला. इटलीत हुतो तवा साहेबास्नी रोज च्याच्या वक्ताला ह्येच लागायचं."

"कफकेक?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "खोकल्यावर का?"

"न्हाई वो मावशी, खायचं असतंय! कपायेवढा केक. एका मानसाला एक. कापायचं न्हाई, वाटायचं न्हाई, भांडायचं न्हाई."

सासूबाईंनी साचा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला. "सांगलीच्या माणसांनी हे बघितलं असेल का?"

"छ्या! तितल्या लय मोठ्या साहेबाच्या घरातबी न्हाई!"

झालं. ठरलं. पोहे रद्द!

आता मैदा तेव्हा डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून कणीक. साखर रेशनवर, महिन्याची महिन्याला मोजून, म्हणून माझ्या माहेरचा गूळ. इथवर ठीक होतं. मग दादा म्हणाला, "एका घाण्याला सा अंडी."

सासूबाईंनी साचा खाली ठेवला.

"माझ्या चुलीला अंडं लागलं," सासूबाई म्हणाल्या, "तर चूल बाहेर, आणि तिच्या मागोमाग मी!"

दादाने डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "सोपं हाय. अंड्याचं काम काय? फुगवायचं. सोड्याचं काम काय? फुगवायचं. मंग एका अंड्याला एक चमचा सोडा. मिटलं!"

हा हिशेब मला इतका पटला, की घरात गणिताचा मास्तर असूनही मी तो त्याला विचारला नाही.

घरात सोडा निघाला चिमूटभर. तेवढ्यावर पहिला घाणा केला. चुलीवर मोठं पातेलं, त्यात वाळू, वाळूवर साचा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. अर्ध्या तासाने बारा केक निघाले. मामंजींनी एक उचलला, चावला, परत बघितला आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून आपल्या कागदांवर ठेवला. (तो तिथे पुढचा पावसाळा संपेपर्यंत होता. त्याला मुंगीसुद्धा लागली नाही.)

मला शंका आली. "दादा, खरं सांग. मेसमध्ये तू किती केक केलेस?"

"केले न्हाईत," दादा शांतपणे म्हणाला. "वाढले. लय वाढले!"

"आणि करायचं कोण?"

"खानसामा. त्यो आत. मी भाईर. मदी दार. पर दार उगडंच असायचं की!"

अशा गुरूच्या हाताखाली मी शिकत होते. तरी मागे हटायचं माझ्या मनात आलं नाही, कारण तोवर घरातल्या सगळ्यांनाच चेव चढला होता. नुसत्या गुळाचा केक बेचव लागतो, त्याला काहीतरी खास चव हवी, असं एकमताने ठरलं. कोणती, यावर पाच जणांची सहा मतं पडली. प्रत्येकाला आपल्या आवडीचाच खाऊ केकात हवा!

मामंजी म्हणाले, "कंदी पेढा. साताऱ्यात राहून दुसरं काही घालणं हा गुन्हा आहे." म्हणून मी प्रत्येक खळग्यात पिठाच्या पोटात एकेक पेढा ठेवला. भाजताना पेढा तळाला गेला आणि पत्र्याला चिकटला. मामंजींनी उलथन्याने सगळे पेढे खरवडून खाल्ले आणि म्हणाले, "उत्तम! फक्त पुढच्या वेळी पीठ घालू नकोस."

आमच्या ह्यांना भडंग प्रिय. कधीतरी सांगलीला खाल्लेलं ते लसणीचं, तिखट चुरमुऱ्यांचं भडंग त्यांच्या स्वप्नात यायचं. मी ते मूठ मूठ घातलं. चुरमुरे फुगले, मऊ झाले. ह्यांनी खाऊन मत दिलं, "पावसात भिजलेल्या भडंगासारखं लागतंय." "म्हणजे वाईट?" "नाही. मी भिजलेलंही खातो."

कुसुमला चिंचेच्या गोळ्या हव्या होत्या. तोवर दादा वाण्याकडून सोड्याची एक पुडी घेऊन आला होता. चिंचेचा कोळ घातलेल्या पिठात मी ती अख्खी ओतली मात्र, पीठ उठून उभं राहिलं! साच्यातून बाहेर, साच्यातून वाळूत, वाळूतून पातेल्याच्या काठावरून चुलीत. निखारे चर्रर्र करून विझले, धुराने घर भरलं, शेजारच्या काकू पाण्याची घागर घेऊन धावत आल्या. कुसुम परसात बसून पाऊण तास हसली. सासूबाई तिच्यासमोर आरसा धरून उभ्या होत्या.

आणि सासूबाईंची आवड म्हणजे आंबा. महिना माघ. पण फडताळात गेल्या उन्हाळ्याची आंबापोळी होती. ती भिजवून, कुस्करून घातली. चव सुरेख आली, पण रंग मातकट.

"आंबा पिवळा हवा," सासूबाई म्हणाल्या.

"हळद घालू का?" मी म्हटलं. (साऱ्या जन्मात मला सुचलेली ही एकच नवी कल्पना, म्हणून लक्षात आहे.)

चांगली सढळ हाताने हळद घातली. सोडा संपलाच होता, उरलासुरला पुडीचा कागद झटकला. केक निघाले ते पिवळेजर्द! थोडे कडक होते, पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेच! आणि सोबत भडंगाचे. सांगलीकरांना सांगलीची चव. सहा हे, सहा ते. फक्त जरा हलके होऊ देत."

"हलकं करतो की," दादा म्हणाला. "उद्या सोड्याची मोठी पुडी आनतो."

राहिली कागदाची वाटी. मेसमध्ये म्हणे प्रत्येक केक कागदाच्या वाटीत असे. ह्यांच्या टेबलाखाली मागल्या वर्षीच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी गोल कापून बारा वाट्या केल्या. कोरी बाजू आत, लिहिलेली बाहेर. कोण बघतंय!

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे सर्व्हिस मोटारीने आले. तिघं. मुलगा, त्याचे वडील अण्णासाहेब, आणि आत्याबाई. आत्याबाई अंगाने बारीक, पण त्या आत आल्या आणि मामंजी आपोआप उभे राहिले, ते त्या बसेपर्यंत उभेच.

मी आत. चुलीवर साचा, सहा खळगे आंब्याचे, सहा भडंगाचे. आंब्याच्या पिठात मी दादाच्या हिशेबाने मोजून सहा चमचे सोडा घातला होता. भडंगाच्या पिठात दादाने, "सांगलीकर तिखट खात्यात," असं म्हणून माझी पाठ असताना माहेरची लवंगी मिरची कुटून टाकली होती. हे मला नंतर कळलं. सगळ्यांनाच नंतर कळलं.

बाहेर सासूबाईंचा आवाज आला. "आमच्या सूनबाईंनी आज आंब्याचे कफकेक केलेत."

"माघात आंबा?" आत्याबाई.

"साताऱ्यात असतो," मामंजी म्हणाले. (मामंजी आयुष्यात खोटं बोलले ते त्या एकाच दुपारी. कुसुमसाठी.)

मी झाकण काढलं.

आंब्याचे केक फुगले होते. हलके झाले होते. आणि लाल झाले होते! पिवळे नव्हे, तांबूस नव्हे. वीट आणि कुंकू यांच्या मधला कुठलातरी रंग!

"दादा! हे लाल का?"

दादा वाकून बघत राहिला. "पिकलं असतील."

"केक पिकतो?"

"आंब्याचा हाय न्हवं?"

बाहेरून मामंजींची हाक आली, "आणताय ना?" घरात दुसरं काही नव्हतं. पोहे भिजवलेले नव्हते, चुलीवर वाळूचं पातेलं. कुसुमचं तिसरं स्थळ, आणि मी त्याला विटा वाढणार होते!

फौजी माणसाचं डोकं मात्र संकटात चालतं. "इस्टाबेरी!" दादा कुजबुजला. "म्हाबळेश्वरची इस्टाबेरी लालच असती. तसं सांग."

मी कुसुमच्या हातात ताट दिलं. "विचारलं तर स्ट्रॉबेरीचे म्हण."

कुसुमने ताटाकडे बघितलं. तिच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले. "वहिनी, तुम्ही आता आणखी काही बोलू नका. मी हसेन."

ती गेली. मी आणि दादा दाराच्या फटीला एकेक डोळा लावून उभे.

अण्णासाहेबांनी लाल केक उचलला. "वा! हे कसले म्हणायचे?"

"स्ट्रॉबेरीचे," कुसुम म्हणाली.

"आंब्याचे," त्याच क्षणी सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"दोन्हींचे!" मामंजी म्हणाले.

अण्णासाहेबांनी घास घेतला. चावला. डोळे मिटले. मग ते डोळे न उघडताच म्हणाले, "हळद."

सासूबाईंनी दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.

"हळद आहे ही. पण राजापुरी नव्हे. राजापुरी असती तर वास आधी आला असता." त्यांनी दुसरा घास घेतला. "पेवातून काढलेली. जमिनीखालच्या पेवात दोन वर्षं पडून राहिली आणि तिथे तिला ओल लागली." डोळे उघडले, आणि चेहऱ्यावर खरंखुरं दुःख. "अहो, कुणी हो फसवलं तुम्हाला?"

"कोपऱ्यावरच्या वाण्याने," मामंजी घाबरून म्हणाले.

"बदला तो वाणी! मी उद्याच पोतं पाठवतो." मग त्यांनी केक उजेडात धरला. "आणि यात खार पडलाय. पापडखार की सोडा?"

"सोडा!" मी दाराआडून ओरडले. (मला कुणी विचारलं नव्हतं.)

"किती?"

"सहा चमचे!"

अण्णासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "अहो सूनबाई, कुंकू असंच करतात! हळदीला खार लागला की लाल. तुम्ही केक नाही केलेत, कुंकू भाजलंत! मुलगी बघायला आलो आणि ताटात कुंकू! याच्यापेक्षा चांगलं काय व्हायचं?"

मामंजींना इतका धीर आला, की त्यांनी स्वतः एक लाल केक तोंडात टाकला. पुढे बराच वेळ ते बोलले नाहीत. सोडा जिभेला काय करतो ते ज्याने खाल्लाय त्यालाच ठाऊक.

इतका वेळ मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याने भिडेखातर आपल्या केकाचा कागद सोलला आणि कागदावर त्याची नजर थांबली. ह्यांच्या लाल शाईतलं ते अक्षर मी दाराआडूनही ओळखलं. त्याने हळूच वाचलं, "पालकांना घेऊन भेटावे."

मग मान वर करून तो ह्यांच्याकडे वळला आणि गंभीरपणे म्हणाला, "आणलेत की, मास्तर."

संपलं. कुसुम सुटली!

पहिल्यांदा नाकातून एक बारीक शीळ आली, मग खांदे हलले, मग ताट हललं, मग ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी दादाचा हात घट्ट धरला. गेलं, तिसरंही गेलं, आणि या वेळी माझ्यामुळे! घराबाहेरच्या ओट्यावरून तीन माणसं चपला घालून जाताना मला दिसायला लागली.

पण दुसरंही हसू ऐकू येत होतं. मुलगा हसत होता! तिच्याकडे बघून, तोंडावर हातसुद्धा न धरता. त्याचं थांबत आलं की हिचं सुरू व्हायचं, हिचं थांबलं की त्याचं.

आता सगळ्यांच्या नजरा वळल्या आत्याबाईंकडे. आत्याबाई सांभाळायच्या होत्या, आणि या गडबडीत त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. लाल केकाचा भरवसा न वाटल्यामुळे त्यांनी शहाणपणाने साधा दिसणारा, भडंगाचा घेतला होता.

आत्याबाईंचा चेहरा केकाहून लाल होता. डोळ्यांतून धारा. तोंड उघडं, पण शब्द नाही. त्या एक हात हलवत होत्या आणि मान जोरजोराने वरखाली, वरखाली. मला आणि दादाला स्पष्ट कळलं, की त्या पाणी मागताहेत.

सासूबाईंना वेगळंच कळलं.

"अगंबाई! डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या! पसंत आहे म्हणतात! सूनबाई, साखर आण, साखर!"

मी साखरेचा डबा घेऊन धावले. अख्ख्या महिन्याची रेशनची साखर. आत्याबाईंनी चिमूट नाही, मूठ उचलली आणि तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

"बघा! किती आनंद झालाय!" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अण्णासाहेबांनी मामंजींना मिठी मारली. मामंजी अजून बोलू शकत नव्हते, ते नुसते थोपटत राहिले. शेजारच्या काकू आवाज ऐकून पुन्हा घागर घेऊन आल्या. ती घागर आत्याबाईंनी त्यांच्या हातातून घेतली.

आत्याबाईंना वाचा फुटली तेव्हा दोन्ही बाप पंचांग उघडून तिथी बघत होते, मुलगा कुसुमला उरलेल्या केकांवरचे शेरे वाचून दाखवत होता, आणि साखर संपलेली होती. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नजर टाकली. मग सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "पोरगी हसरी आहे. आमच्या घरात कोणी हसत नाही. असू दे."

पंधरा दिवसांनी सांगलीला याद्या करायला आम्ही सगळे गेलो. देणंघेणं, मानपान, कशावरून म्हणून शब्द वाढला नाही. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "आमची एकच अट आहे. लग्नाच्या स्वयंपाकघरात तुमच्या सूनबाईंनी पाऊल..."

वाक्य पुरं झालंच नाही. "मान्य!" असा एकच गजर झाला. मामंजी ओरडले, सासूबाई ओरडल्या, आमचे हे दोन्ही हात वर करून ओरडले, लाजून आत बसलेली कुसुमसुद्धा दाराआडून ओरडली. आणि त्या सगळ्यांत मोठा, पलटणीला हुकूम द्यावा तसा खणखणीत आवाज होता माझ्या सख्ख्या भावाचा!